डावं-उजवं : घरबसल्या वाद्यवृंदाची बैठक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्य नाट्य स्पर्धेसाठी ओळखीतल्या हौशी मंडळींनी एक नाटक बसवलं होतं आणि पार्श्वसंगीत माझ्याकडे होतं. शेवटच्या प्रवेशात आई रिकाम्या घराला कुलूप लावते. तिथे मी व्हायोलिनचा ताफा आणि त्याखाली चेलो असा दीड मिनिटाचा तुकडा केला होता. बजाजनगरातल्या माझ्या खोलीत, हेडफोनवर, तो मला उत्तम वाटला होता. शहरातल्या नाट्यगृहात रंगीत तालीम झाली. दिवे लागल्यावर म्युझिक ऑपरेट करणारा मुलगा, वय असेल पंचवीस, माझ्याजवळ आला आणि अदबीने म्हणाला, "काका, चेलो बरोबर बसलाय. पण व्हायोलिनवाले विंगेत उभे आहेत का?"

मी हसलो, पण मनातून चरकलो. व्हायोलिन एका कंपनीच्या संग्रहातून घेतलं होतं, चेलो दुसऱ्या. दोन वेगळ्या संग्रहांतली वाद्यं एकत्र आणली की ती एकाच ठिकाणी बसल्यासारखी वाटत नाहीत, ही या धंद्यातली जुनी डोकेदुखी. म्हणून दोष संग्रहाचा, असं मी धरून चाललो. तो दोष शोधता शोधता जे सापडलं, ते या लेखात सांगायचं आहे. त्यातला काही भाग ध्वनिशास्त्राचा आहे, काही मुंबईच्या गाण्यांच्या इतिहासाचा आणि काही माझ्या स्वतःच्या डाव्या कानाचा.

संगीताचं रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने छोटेमोठे सुटे भाग करणारे कारखाने आले. त्यातल्याच एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, मी सव्वीस वर्षं काढली. पेटी भजनी मंडळात शिकलो, स्टाफ नोटेशन पुस्तकावरून, संगणक मुलीकडून. बाकी सगळं करून, चुकून, पुन्हा करून.

नमुन्यांचा संग्रह म्हणजे काय?

ज्यांचा या जगाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या वादकाला, किंवा सोळा व्हायोलिनवादकांच्या ताफ्याला, स्टुडिओत बसवतात. त्यांच्याकडून प्रत्येक स्वर वेगवेगळा वाजवून घेतात : हळू, मध्यम, जोरात, लांब गजाने, तुटक गजाने, बोटाने छेडून. हे हजारो तुकडे संगणकात साठवले की झाली सॅम्पल लायब्ररी, म्हणजे ध्वनिनमुन्यांचा संग्रह. मग माझ्यासारखा माणूस वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बसून पेटीसारख्या कीबोर्डवर पट्टी दाबतो आणि लंडनच्या किंवा व्हिएन्नाच्या वादकाने कधीतरी वाजवलेला तो स्वर ऐकू येतो.

सोय मोठी आहे. ज्या हौशी संघाला नेपथ्याच्या लाकडाचे पैसे जमवताना नाकी नऊ येतात, त्याला चाळीस वादक कुठून परवडणार? पण एकाच कंपनीचं सगळं चांगलं असतं असं नाही, आणि सगळं विकत घेता येतं असंही नाही. एकाचं व्हायोलिन गोड, दुसऱ्याचा चेलो भरदार, तिसऱ्याचं ओबो फुकट मिळालेलं. अशी जमवाजमव सुरू झाली की प्रश्न उभा राहतो तो बैठकीचा.

ताटातली डावी बाजू

आपल्याकडे ताट वाढायची रीत आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी, आमटी उजवीकडे, भात मध्ये. डोळे मिटूनही हात बरोबर लोणच्यावर जातो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचंही तसंच असतं. श्रोत्याच्या दृष्टीने पहिली व्हायोलिनं डावीकडे, त्यांच्या शेजारी दुसरी व्हायोलिनं, मग व्हिओला, उजवीकडे चेलो आणि त्यामागे डबल बास. मध्ये मागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्यांच्या मागे पितळी वाद्यं. सगळ्यात मागे टिंपनी.

ही आज सर्वत्र दिसणारी मांडणी विसाव्या शतकात रुळली. फिलाडेल्फियाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांचा तीत मोठा हात होता. त्याआधीच्या युरोपात पहिली आणि दुसरी व्हायोलिनं समोरासमोर, डावीकडे आणि उजवीकडे बसत. हा केवळ शिस्तीचा भाग नव्हता. चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीच्या (१८९३) शेवटच्या भागाच्या सुरुवातीला जी धून ऐकू येते, ती कुठल्याच एका ताफ्याच्या कागदावर लिहिलेली नाही. एक स्वर पहिल्या व्हायोलिनांचा, पुढचा दुसऱ्यांचा, अशी ती विणलेली आहे. दोन्ही ताफे समोरासमोर असतील तर तो उसासा सभागृहाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो-येतो. शेजारीशेजारी बसले की तो धागा दिसेनासा होतो. कोण कुठे बसलंय हा संगीताच्या अर्थाचा भाग आहे, तो असा.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. संगीत नाटकात रंगमंचापुढे एका बाजूला ऑर्गन आणि दुसऱ्या बाजूला तबला. आमच्या इथल्या छोट्या पंढरपुरात कीर्तन असलं की बुवा पुढे, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग. डोळे मिटून बसलं तरी मृदंग कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं. हे दाखवणारं बोट कानाच्या जोरावर चालतं. कान ते कसं करतो, हे आधी समजून घेऊ.

कानाचा हिशेब

इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली याचा जो खुलासा केला, तो मुख्यतः आजही टिकून आहे. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला किंचित उशिरा. हा उशीर फार तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांशाइतका असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. दुसरं, डोकं मध्ये आल्यामुळे उजव्या कानावर सावली पडते आणि तिथे आवाज कमी पोचतो. या दोन खुणांची कामं वाटून घेतलेली आहेत. खर्जाच्या लाटा लांब असतात, त्या डोक्याला वळसा घालून जातात, त्यांची सावली पडत नाही. तिथे वेळेचा फरक कामी येतो. तारसप्तकातल्या लाटा आखूड, त्यांना डोकं अडवतं. तिथे जोराचा फरक कामी येतो. ही सीमारेषा ढोबळमानाने सेकंदाला पंधराशे कंपनांच्या आसपास आहे. वाचकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे माझी फजिती याच रेषेवर झाली.

तिसरी गोष्ट सभागृहाची. आवाज थेट येतो आणि भिंतींवरून आपटूनही येतो. आधी आलेल्या आवाजाची दिशा मेंदू खरी मानतो आणि थोड्याच वेळात मागून आलेले प्रतिध्वनी त्यातच जिरवून टाकतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४०च्या दशकाच्या शेवटी हे प्रयोगाने मांडलं, म्हणून त्याला हास परिणाम म्हणतात. मागून आलेले आवाज दिशा सांगत नाहीत, पण वाद्य किती दूर आहे आणि खोली केवढी आहे, ते तेच सांगतात.

दोन कानांसाठी दोन वाटांनी आवाज पाठवायची कल्पना नाटकाशीच जोडलेली आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचालगत टेलिफोनचे मायक्रोफोन लावले आणि दूर प्रदर्शनात लोकांना दोन कानांना दोन यंत्रं लावून गाणं ऐकवलं. गायक इकडून तिकडे गेलेला कळत होता. पुढे १९३१ साली लंडनमध्ये अॅलन ब्लुमलाइन याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. सांगतात की, सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज मात्र दुसरीकडून, हे त्याला खटकलं होतं. १९५४च्या सुमाराला डेका कंपनीच्या तंत्रज्ञांनी संचालकाच्या डोक्यावर तीन मायक्रोफोनांचं एक झाड उभं केलं. वाद्यवृंद मुद्रित करायची ती पद्धत आजही चालू आहे, आणि माझ्याकडच्या बऱ्याच संग्रहांचे नमुने अशाच झाडाखाली गोळा केलेले आहेत.

मुंबईची बैठक

स्टिरिओ यायच्या आधी आपल्याकडे बैठकीचं शास्त्र नव्हतं असं समजू नये. मुंबईत चित्रपटगीतं मुद्रित होत तेव्हा गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात असत. मायक्रोफोन मोजके आणि मुद्रण एकाच वाटेचं, म्हणजे मोनो. डावं-उजवं नव्हतंच, होतं ते फक्त पुढे-मागे. ज्याचा आवाज हवा तो मायक्रोफोनजवळ, ज्याचा नुसता रंग हवा तो लांब. बासरीवाला आपल्या तुकड्यापुरता पुढे यायचा आणि मागे सरकायचा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे संयोजक कागदावर स्वर मांडत आणि मिनू कात्रक, रॉबिन चटर्जी यांच्यासारखे ध्वनिमुद्रक त्या स्वरांना जागा देत. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई संवाद, संगीत आणि इतर ध्वनी यांचं मिश्रण करत. त्यांच्याकडे सत्यजित राय आपले चित्रपट आणत, यावरून त्या कानाची पत कळते.

पुढे अनेक पट्ट्यांवर वेगवेगळं मुद्रण आलं. १९७५ साली 'शोले' सत्तर मिलिमीटरमध्ये स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला. त्यानंतर सिंथेसायझर, मग संगणक. मोठे ताफे एकत्र बसायचे थांबले. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन 'बिहाइंड द कर्टन' (२००८) हे पुस्तक लिहिलं. त्यात हा सगळा प्रवास वादकांच्या बाजूने आला आहे. मी ते वाचलं तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. त्या दालनात कोण कुठे बसलं होतं हे वेगळं ठरवावं लागत नसे, कारण माणसं खरंच तिथे बसलेली असत. एकच छत, एकच भिंती, एकच हवा. माझ्या संगणकात मात्र वीस छतं आहेत.

मराठीत याचं उलट टोकही आपण पाहिलं आहे. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर, जिवंत वाद्यवृंद वाजवून घेतला. त्याच दालनात सिनेसॅम्पल्स या कंपनीने आपले तंतुवाद्यांचे आणि पितळी वाद्यांचे नमुने मुद्रित केले आहेत. म्हणजे ज्या भिंतींनी 'सैराट'च्या व्हायोलिनांना उत्तर दिलं, त्याच भिंतींचं उत्तर नमुन्यांच्या रूपाने आमच्यासारख्यांना मिळतं. फक्त तो चेलो दुसऱ्या दालनातून आलेला असेल, तर भांडण लागतं.

दोन घरचं ताट

संग्रहांच्या मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली, वाढलेल्या ताटासारखी. वादकांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवूनच मुद्रण केलेलं असतं. पहिली व्हायोलिनं मुळातच डावीकडून ऐकू येतात, पितळी वाद्यं मुळातच मागून. स्पिटफायर कंपनीचे काही संग्रह लंडनच्या एअर स्टुडिओत, एका जुन्या चर्चच्या उंच दालनात, केलेले आहेत. त्यांचाच २०१९चा बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा संग्रह मेडा व्हेल स्टुडिओतला. बर्लिनच्या टेल्डेक्स स्टेजवरचे ऑर्केस्ट्रल टूल्सचे संग्रहही याच जातीचे.

दुसरी जात सुट्या वाट्यांची. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीने सुरुवातीचे संग्रह 'सायलेंट स्टेज' नावाच्या मुद्दाम बांधलेल्या शांत खोलीत केले. तिथे घुमारा अगदी कमी. वाटी मध्ये ठेवून दिली आहे, ताटात कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवा.

आता वाढलेल्या ताटात वरून एक सुटी वाटी ठेवली की काय होतं? ओबो मध्यभागी, नाकासमोर, कोरडा ठणठणीत; आणि त्याच्यामागे लंडनच्या चर्चमध्ये घुमणारी व्हायोलिनं. जणू ओबोवाला माझ्या खोलीत आहे आणि बाकीचे खिडकीबाहेर. आणि दोन वाढलेली ताटं एकावर एक ठेवली, तर एकाची भाजी दुसऱ्याच्या लोणच्यावर. एका दालनात चेलो पार उजवीकडे, दुसऱ्यात जेमतेम मध्याच्या उजवीकडे. एका दालनाचा घुमारा दोन सेकंदांचा, दुसऱ्याचा एकाचा.

इथे बहुतेक जण, मीही, पहिली चूक करतो ती बटणाची. मिश्रणाच्या पाटीवर डावं-उजवं करायचं एक गोल बटण असतं. ते एकेरी आवाजाला योग्य आहे. पण दोन वाटांच्या मुद्रणावर तेच बटण फिरवलं, तर अनेक सॉफ्टवेअरमध्ये ते वाद्य सरकवत नाही, नुसती एक वाट बंद करत जातं. डावीकडे बसलेल्या व्हायोलिनांना उजवीकडे न्यायला बटण उजवीकडे फिरवलं, की डावी वाट मिटते आणि उरतं ते उजव्या मायक्रोफोनला उशिरा, भिंतींवरून पोचलेलं उष्टं. व्हायोलिनं सरकत नाहीत, विरतात. चायकोव्हस्कीसारखी समोरासमोरची बैठक हवी असेल, तर सोपा उपाय वेगळा आहे : दुसऱ्या व्हायोलिनांच्या दोन्ही वाटांची अदलाबदल करा. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. सगळं दालनच आरशात पाहिल्यासारखं उलटतं, पण प्रतिध्वनींचं आपसातलं नातं शाबूत राहतं.

माझी रीत

पुष्कळ चुका करून मी जी रीत बसवली, ती क्रमाने देतो.

पहिलं, यजमान ठरवावा. ज्या संग्रहातली सर्वांत जास्त वाद्यं वापरणार, त्याचं दालन हे आपलं घर. त्याला हात लावायचा नाही. बाकीचे सगळे पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घराशी जुळवून घ्यायचं, उलट नाही.

दुसरं, कागदावर बैठक काढावी. अर्धवर्तुळ काढून कोण कुठे ते लिहावं. मग यजमानाच्या प्रत्येक वाद्याचा एक तुटक स्वर वाजवून, डोळे मिटून, बोट दाखवावं आणि कागदावर खूण करावी. मी व्हायोलिनच्या मोकळ्या तारेचा स्वर घेतो, सेकंदाला ४४० कंपनांचा. चेलोवरही तो निघतो. लांब स्वर घेऊ नये. दिशा कळते ती स्वराच्या सुरुवातीच्या टोच्यावरून. लांबलेल्या स्वरात दालन मिसळतं आणि बोट डगमगतं.

तिसरं, पाहुण्याला आधी अरुंद करावं, मग सरकवावं. दोन वाटांची बेरीज म्हणजे मध्यभाग आणि वजाबाकी म्हणजे पसारा. वजाबाकीचा वाटा कमी केला की पसरलेला आवाज आकसतो. असा आकसलेला आवाज मग हव्या त्या ठिकाणी ठेवता येतो. हे करणारं साधन आता जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं. दोन्ही वाटांना वेगवेगळी बटणं असतील तरी चालतं. खऱ्या सभागृहात सोळा व्हायोलिनांनाही अर्धा रंगमंच लागत नाही, हे लक्षात ठेवलं की पसारा आपोआप आवरतो.

चौथं, अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद. झाडापासून दहा मीटर मागे बसलेल्या ट्रम्पेटचा आवाज एकोणतीस मिलिसेकंद उशिरा पोचतो. पण नुसता उशीर दिला म्हणून वाद्य मागे जात नाही. ते फक्त तालात मागे पडतं. दूरपणाची खरी खूण ही की थेट आवाज कमी आणि भिंतींचा जास्त, आणि त्या दोहोंमधली फट लहान. जवळच्या वाद्याचा थेट आवाज लगेच येतो आणि भिंतीचा सावकाश; दूरच्याचे दोन्ही जवळजवळ बरोबर येतात. म्हणून मागच्या वाद्याला घुमारा देताना मधली फट कमी ठेवावी, पुढच्याला जास्त. वरची किनार जरा बोथट केली की वाद्य आणखी एक पाऊल मागे जातं.

पाचवं, सर्वांवर एकच पातळ चादर. शेवटी सगळ्यांना मिळून एकाच दालनाचा थोडासा घुमारा. हा सांधा लपवण्यापुरताच. जास्त झाला तर दालनात दालन होतं.

सहावं, दोन्ही वाटा एकत्र करून मोनोमध्ये ऐकावं. एखादं वाद्य पोकळ झालं किंवा गडप झालं, तर आपल्या सरकवासरकवीत लाटा एकमेकींना खात आहेत असं समजावं आणि मागे यावं.

नाटकासाठी सातवी गोष्ट आहे. नाट्यगृहात फार थोडे लोक बरोबर मध्यावर बसतात. डाव्या टोकाच्या खुर्चीपासून डावा स्पीकर पाच मीटरवर आणि उजवा बारा मीटरवर असेल, तर उजव्याचा आवाज वीस मिलिसेकंद मागे पडतो, आणि हास परिणामाने दोन्हीकडे असलेला सगळा आवाज डावीकडूनच येतो असं त्या प्रेक्षकाला वाटतं. जे वाद्य पूर्ण एका वाटेत टाकलं आहे, ते उजव्या टोकाच्या माणसाला नीट ऐकूच येत नाही. म्हणून नाटकात बैठक आटोपशीर ठेवावी. टोकाला कोणालाच बसवू नये. हेडफोनवरचं रुंद अंगण नाट्यगृहात विंगेत जातं.

आणि माझा डावा कान

हे सगळं मला तीन वर्षांपूर्वीही बऱ्यापैकी ठाऊक होतं. तरी व्हायोलिनं विंगेत गेली होती. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी घरी येऊन तो तुकडा पुन्हा ऐकला. मला व्हायोलिनं ठीकच वाटली, डावीकडे, पण रंगमंचावर. मग मी यजमान संग्रहातलं, कंपनीने बसवलेलं, हातही न लावलेलं व्हायोलिन ऐकलं. ते मला मध्याकडे सरकलेलं वाटलं. मुलगा खोटं बोलत नव्हता, कंपनी चुकली असण्याची शक्यता कमी. उरलो मी.

मी हेडफोन उलटा घातला, उजवा डाव्या कानाला. ही तपासणी इतकी साधी आहे की आधी का सुचली नाही याची लाज वाटते. बरोबर मध्यावर ठेवलेला आवाज वाजवायचा. तो एका बाजूला झुकलेला वाटला, तर हेडफोन उलटा करायचा. झुकाव बाजू बदलत असेल, तर दोष आवाजात किंवा हेडफोनमध्ये. झुकाव त्याच बाजूला राहिला, तर दोष कानात. चेलोचा खर्ज मध्यावरच होता. व्हायोलिनचे वरचे स्वर मात्र उजवीकडे झुकले होते. हेडफोन उलटा केला तरी उजवीकडेच.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेख काढला. डाव्या कानात चार हजार कंपनांच्या आसपास रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरली होती. गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा खड्डा बहुधा तिथेच पडतो, असं त्यांनी सांगितलं, आणि कुठे काम करत होता, असं विचारलं. प्रेस माझ्या डाव्या हाताला असायचा. कानात घालायचे बोळे आम्हाला मिळत. मी ते घालत नसे. प्रेसच्या ठोक्यावरून डाय कधी बिघडते आहे ते कळायचं. बोळे घातले की ते कळायचं नाही, आणि ते कळण्याचा मला अभिमान होता. कान वापरायच्या हौसेपायी कान घालवला, असा हा हिशेब आहे.

आता रॅलेची सीमारेषा आठवा. चेलोचा खर्ज मी वेळेच्या फरकाने ओळखत होतो. तिथे माझे दोन्ही कान धड होते, म्हणून चेलो बरोबर बसला. व्हायोलिनची झळाळी वरच्या कंपनांत, तिथे दिशा जोरावरून कळते, आणि माझा डावा कान जोर कमी सांगत होता. मला व्हायोलिनं उजवीकडे सरकलेली वाटायची, म्हणून मी ती डावीकडे ढकलत गेलो. माझ्यासाठी ती रंगमंचावर आली, जगासाठी विंगेत गेली. "चेलो बरोबर बसलाय, पण..." हे त्या मुलाचं वाक्य म्हणजे माझ्या कानाचा आलेखच होता, मला तो वाचता आला नव्हता.

मी तो तुकडा कानावर न विसंबता पुन्हा बसवला. यजमानाच्या व्हायोलिनच्या दोन्ही वाटांचा जोर मापकावर पाहून कागदावर लिहिला आणि पाहुण्याचा त्याच्याशी जुळवला. मला ते व्हायोलिन चुकीच्या जागी ऐकू येत होतं, आजही येतं. मुलीने ऐकून बोट दाखवलं, ते कागदावरच्या खुणेवर पडलं. स्पर्धेच्या प्रयोगाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. आईने कुलूप लावलं, व्हायोलिनं सुरू झाली, आणि मला ती नेहमीप्रमाणे जरा उजवीकडे वाटली. प्रयोगानंतर तो मुलगा वायरी गुंडाळत होता. विचारलं तर म्हणाला, "आज सगळे स्टेजवर होते, काका."

माझ्या टेबलासमोर भिंतीवर आता दोन कागद आहेत : एक अर्धवर्तुळाचा, कोण कुठे बसलंय ते सांगणारा, दुसरा डॉक्टरांचा आलेख. काम सुरू करण्यापूर्वी मी दोन्ही पाहतो. आमच्या वेळच्या प्रेस शॉपमधले चार-पाच जण याच कॉलनीत राहतात. त्यांना एकेकाला बोलावून मी हेडफोन सुलटा आणि उलटा घालायला लावला. तिघांनी दोन्ही वेळा एकाच बाजूला बोट दाखवलं. त्यांतले दोघे आता डॉक्टरांकडे जाऊन आले आहेत.

घरात हेडफोन असेलच. दिवाळीचे फटाके थांबले की एखाद्या शांत दुपारी मध्यावर असलेलं एखादं गाणं लावून, एकदा सुलटा आणि एकदा उलटा घालून बघा.